घरचा जुना ट्रॅक्टर बदलायचाय? वहीपासून पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत

आमच्या वस्तीवर ट्रॅक्टर कायम गोठ्याच्या कडेला उतारावर उभा असायचा, पुढच्या चाकाला दगड लावून. सकाळी आण्णा, म्हणजे माझे वडील, दगड काढायचे, क्लच दाबून गाडी सोडायचे, आणि पंधरा-वीस फुटांवर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की एक हिसका बसून इंजिन चालू व्हायचं. ३५ एचपीचा, १९९६ साली घेतलेला. त्याच ट्रॅक्टरनं विहिरीचा गाळ ओढला, दोन आत्यांच्या लग्नाची मांडवाची लाकडं आणली, मुळा कालव्याच्या आवर्तनाला रात्री-अपरात्री शेताला नेलं. तो बदलायचा विषय मी काढला तेव्हा आण्णा ताटावरून उठून गेले.

त्याला आता काही वर्षं झाली. या काळात आमच्या राहुरी-श्रीरामपूर पट्ट्यातल्या बऱ्याच मुलांनी मला एकच प्रश्न विचारला: "कोणता घेऊ?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. त्याच्या आधी जे करायचं ते इथे लिहितो. माझा अनुभव काळ्या जमिनीचा आणि ऊस, कांदा, सोयाबीन, गहू या पिकांचा आहे. कोकणातल्या भातखाचरांना किंवा नाशिककडच्या द्राक्षबागांना एचपीचे आकडे वेगळे लागतील, पण विचाराची रीत तीच राहील.

पहिलं काम: एका वर्षाची वही

शोरूममध्ये पाय ठेवण्याआधी एक साधी वही घ्या आणि ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्येच ठेवा. तारीख, शेत, काम, किती तास, किती डिझेल, आणि शेवटचा रकाना: "काम अडलं का, आणि कशामुळे". भाड्यानं बाहेरचा ट्रॅक्टर बोलावला तर तेही लिहा, दिलेल्या पैशांसह. खरीप, रब्बी आणि उसाची तोडणी असा पूर्ण फेरा झाल्याशिवाय वही बंद करू नका.

आमच्या अकरा एकरांत घरच्या ट्रॅक्टरचे वर्षाला २३० तास भरले. मला वाटत होतं किमान ४०० असतील. शेवटच्या रकान्यानं तर माझा पूर्ण अंदाज चुकीचा ठरवला. इंजिन कमी पडलं म्हणून काम अडल्याच्या नोंदी तीनच होत्या. बाकीच्या सगळ्या लिफ्ट (अवजार उचलणारी यंत्रणा) खाली बसणे, क्लच घसरणे, बॅटरी, आणि "नांगरटीला बाहेरचा ट्रॅक्टर वेळेवर आला नाही, वाफसा (मशागतीला योग्य ओल) गेला" अशा होत्या. म्हणजे गरज जास्त ताकदीची कमी आणि भरवशाची जास्त होती. ही वही नसती तर मी ५५ एचपीचा ट्रॅक्टर घेऊन बसलो असतो.

तासांचा आकडा हातात आला की हिशेब करून बघा. समजा ट्रॅक्टर ८ लाखांचा, दहा वर्षांनी तो ३ लाखांना गेला, तर घसारा वर्षाला ५०,००० झाला. व्याज सरासरी ३०,००० आणि विमा, सर्व्हिसिंग, टायर मिळून ३५,००० धरा. एकूण १,१५,०००. वर्षाला २३० तास चालला तर डिझेल आणि ड्रायव्हर सोडून तासाला ५०० रुपये पडतात. ५०० तास चालला तर तोच खर्च २३० वर येतो. आता तुमच्या गावातला भाड्याचा दर यातून येणाऱ्या आकड्याशेजारी लिहा. वर्षाला शंभर-सव्वाशे तासच भरत असतील तर माझं स्पष्ट मत आहे, नवीन घेऊ नका. जुना दुरुस्त करा, जड काम भाड्यानं करून घ्या. किंवा बाहेरची भाड्याची कामं घ्यायची तयारी असेल, घरात एक माणूस त्यासाठी मोकळा असेल, तरच पुढे जा. "बाहेर चालवून हप्ता फेडू" असं सगळेच म्हणतात, पण वाफसा आपल्या आणि गिऱ्हाइकाच्या शेताला एकाच दिवशी येतो.

जुन्याची खरी तब्येत बघा

बदलायचा ठरवण्याआधी जुन्याला अर्धा दिवस द्या. इंजिन गरम झाल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडा. तिथून दम्यासारखा धूर ठोके मारत येत असेल तर रिंगा-लाइनर गेलेले आहेत. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो का बघा. नांगर उचलून इंजिन बंद करा आणि घड्याळ लावा. पाच-दहा मिनिटांत नांगर जमिनीला टेकला तर लिफ्टचे सील किंवा सिलिंडर बघावे लागणार. स्टेअरिंग किती हलवल्यावर चाक हलायला लागतं ते बघा. क्लच, ब्रेक आणि गिअर निसटणं तर तुम्हाला रोजच कळतं.

फक्त इंजिन गेलं असेल तर इंजिनचं काम करून घेणं अजूनही सगळ्यात स्वस्त पडतं. इंजिन, गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक अशी तिन्ही कामं एकदम निघाली तर मात्र थांबा.

सुट्या भागांचाही प्रश्न आहे. आपल्या भागातल्या शेडमध्ये अजून काय काय उभं आहे बघा. १९५९ मध्ये फरिदाबादला सुरू झालेल्या आयशरची जुनी मॉडेलं, महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर १९६३ मध्ये काढलेल्या कंपनीचे बी-२७५, पंजाबमधून १९७४ साली आलेला स्वराज, एस्कॉर्ट्सचे फोर्ड, झेटरच्या तंत्रावरचे एचएमटी. यातल्या काहींचं सामान तालुक्याच्या गावात सहज मिळतं. एचएमटीचा पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करायला केंद्र सरकारनं २०१६ मध्ये मंजुरी दिली, त्यामुळे त्याच्या मालकाला एखाद्या भागासाठी भंगार बाजार पालथा घालावा लागू शकतो. तुमच्या मेकॅनिकला सरळ विचारा: "या गाडीचं सामान मिळायला सध्या किती दिवस लागतात?" पेरणीच्या तोंडावर आठ दिवस हे उत्तर परवडणारं नाही.

घरात बसून ठरवायच्या गोष्टी

ही पायरी बहुतेक मुलं टाळतात आणि तिथेच फसतात. ट्रॅक्टर कुणाच्या नावावर घ्यायचा? सातबारा अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसनोंद लावावी लागेल. अनुदानाचा अर्ज आणि कर्ज, दोन्हींना ते लागतं. भावाभावांत सामाईक घेणार असाल तर डिझेल कुणाचं, ड्रायव्हरचा पगार कुणाचा, वाफशाच्या दिवशी आधी कुणाचं शेत, हे कागदावर लिहून सह्या करा. मन दुखेल म्हणून लिहायचं टाळलं की दोन वर्षांनी बोलणं बंद होतं. माझ्या डोळ्यांसमोर एका घरात तसं झालंय.

वडील विरोध करतात तेव्हा त्यात नुसती माया असते असं समजू नका. आण्णा उठून गेले त्यानंतर तीन आठवड्यांनी स्वतःहून बोलले. त्यांचं म्हणणं असं होतं: "खालच्या तुकड्यात उंबराजवळ जमीन आतून ओली असते. जड गाडी घातलीस तर दाबून दगड करशील." हे कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं आणि शंभर टक्के खरं होतं. ओल्या काळ्या मातीवर जड यंत्र फिरलं की नांगराच्या तळाखाली कडक थर बसतो, पाणी मुरत नाही, मुळं आडवी पसरतात. त्या दिवसापासून वजन आणि टायरची रुंदी हे माझ्या यादीत एचपीच्या वर गेलं. कोणत्या शेतात काय अडचण येते ते जुन्या माणसाकडून लिहून घ्या, आणि ट्रॅक्टर बघायला त्यांना बरोबर न्या.

आधी काम, मग अवजार, मग एचपी

बहुतेकांची चूक इथे होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बॉनेटवर लिहिलेली एचपी इंजिनची असते. रोटाव्हेटर, मळणी यंत्र, ब्लोअर ही अवजारं पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर चालतात आणि पीटीओला मिळणारी ताकद साधारण त्याच्या ८५ ते ९० टक्के असते. म्हणजे ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर ३८ ते ४० मिळतात. विक्रेत्याला "पीटीओ एचपी किती?" असं विचारा आणि लेखी मागा. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते, तिच्या अहवालात हा आकडा असतो. डिझेलचा खप आणि लिफ्टची ताकदही त्यातच असते.

आता अवजारं. नऊ फणी कल्टिव्हेटरला ३५ ते ४५ एचपी पुरते. पाच फुटी रोटाव्हेटर ३५ ते ४५ मध्ये चालतो, सहा फुटीला ४५ ते ५० हवी, सात फुटीला ५० च्या पुढे. दोन पल्ली पलटी नांगर काळ्या जमिनीत नीट खोल चालायचा तर ४५ ते ५० धरा, आणि नुसती एचपी पुरत नाही, मागच्या चाकांवर वजनही लागतं. आंतरमशागत, फवारणी आणि बाग एवढंच काम असेल तर १८ ते २८ एचपीचा छोटा ट्रॅक्टर या सगळ्यांपेक्षा कामाचा आहे.

माझी चूक सांगतो. नवीन ट्रॅक्टर ४२ एचपीचा घेतला, तो निर्णय बरोबर होता. पण त्याच दिवशी दुकानदाराच्या भरीला पडून सात फुटी रोटाव्हेटर घेतला, "एका फेऱ्यात जास्त काम होईल" म्हणून. उसाचा खोडवा मोडायला घातला. पहिल्या पन्नास फुटांतच इंजिनचा आवाज बसला, काळा धूर निघाला, आणि मी खालचा गिअर टाकत टाकत रांगत्या गतीवर आलो. दोन एकरांना जेवढं डिझेल जायला हवं होतं तेवढं एका एकरात गेलं. शेवटी तोटा सोसून तो रोटाव्हेटर साडेपाच फुटीवर बदलला. अवजार ट्रॅक्टरला मोठं झालं की वेळ वाचत नाही, उलट क्लच आणि डिझेल दोन्ही जातं. म्हणून शेतातली सगळ्यात जड तीन कामं लिहा, त्यांची अवजारं ठरवा आणि त्यातल्या सगळ्यात जड अवजाराला पुरेल एवढीच एचपी घ्या. एखादं काम क्वचितच असेल, जसं तीन-चार वर्षांतून एकदा सबसॉयलर (खालचा कडक थर फोडणारं अवजार) घालणं, तर ते भाड्यानं करून घ्या. त्यासाठी मोठा ट्रॅक्टर बांधून ठेवू नका.

सरीचं माप विसरू नका. उसात साडेचार किंवा पाच फुटी सरी असेल आणि बांधणीला आत गाडी घालायची असेल तर मागच्या चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजा. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये रिम आणि डिस्क उलटसुलट बसवून हे अंतर कमी-जास्त करता येतं, पण किती करता येतं ते आधी विचारा. मोठा ट्रॅक्टर सरीत बसला नाही की वर्षभर बैलजोडी किंवा छोटा ट्रॅक्टर भाड्यानं शोधत फिरावं लागतं.

नव्या गाडीत काय वेगळं असतं

जुन्यावर हात बसलेल्या माणसाला या गोष्टी समजून घ्याव्या लागतात.

क्लच: जुन्या सिंगल क्लचमध्ये क्लच दाबला की पीटीओही थांबतो. ड्युअल क्लचमध्ये पाय अर्धा दाबला तर गाडी थांबते, पीटीओ फिरत राहतो. रोटाव्हेटर, मळणी यंत्र किंवा कडबा कुट्टी वापरत असाल तर हा फरक रोज जाणवतो. त्यावर पैसे खर्च करा. पॉवर स्टेअरिंगवरही करा. पुढे लोडर किंवा बंपर लावणार असाल तर त्याच्याशिवाय घेऊच नका, नाहीतर दिवसाच्या शेवटी खांदे बोलतात.

ब्रेक: तेलात बुडालेले ब्रेक घ्या. कालव्याच्या चिखलातून आल्यावर कोरड्या ब्रेकची काय गत होते ते आपल्याला माहीतच आहे.

गिअर: कॉन्स्टंट मेश किंवा त्याहून सुधारित गिअरबॉक्स हल्ली सर्रास मिळतो. रांगता गिअर आहे का बघा, म्हणजे अगदी हळू चालणारा. कांदा लागवड यंत्र किंवा ट्रॅक्टरमागून माणसांनी करायच्या कामाला तो लागतोच.

फोर व्हील ड्राइव्ह: ओल्या जमिनीत, पलटी नांगराला आणि चढावर ट्रॉली ओढताना फायदा होतो. कोरडवाहू सपाट जमिनीत नुसती पेरणी आणि वखरणी असेल तर त्या पैशांतून चांगलं पेरणी यंत्र घ्या. घेतलाच तर डांबरी रस्त्यावर फोर व्हील बंद करून चालवा, टायर वाचतील.

आता इंजिन. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना धुराचे नवे, कडक नियम लागू झाले, ज्यांना ट्रेम-४ म्हणतात. त्यामुळे या गटात डिझेल फवारणारी यंत्रणा इलेक्ट्रॉनिक झाली. ताकद छान मिळते, धूर कमी होतो, पण नोजल फार बारीक असतात. आपण बॅरलमधून, कॅनमधून, फडक्यातून गाळून डिझेल ओतायची सवय लावून घेतलेली आहे. तिथे ती महागात पडते. पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरची नळी रोज सोडून बघायला लागते. बिघाड झाला तर गावातला मेकॅनिक पाना घेऊन काही करू शकत नाही, कंपनीच्या माणसाला त्याचं यंत्र घेऊन यावं लागतं. ५० च्या खालच्या बहुतेक गाड्यांत अजून जुन्या पद्धतीचा पंप आहे. खरंच गरज नसेल तर पहिल्यांदा ट्रॅक्टर बदलणाऱ्यानं ५० च्या खालीच राहावं, असं मी सांगतो.

कंपनी कुठली, यापेक्षा सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे आणि मे-जूनमध्ये मेकॅनिक शेतात किती तासांत येतो, हे महत्त्वाचं. त्या विक्रेत्याकडून तीन वर्षांपूर्वी गाडी घेतलेल्या दोन शेतकऱ्यांना भेटा. कालच घेतलेल्यांना विचारून उपयोग नाही, त्यांचं अजून सगळं छानच चाललेलं असतं.

डेमो आपल्या शेतात, आपल्या अवजारानं

शोरूमच्या आवारात फेरी मारून काही कळत नाही. वाफसा असताना शेतात मागवा, आपलंच अवजार जोडा आणि किमान दोन तास चालवा. टाकी काठोकाठ भरून सुरू करा आणि संपल्यावर पुन्हा काठोकाठ भरा, म्हणजे डिझेलचा खरा हिशेब मिळेल. विक्रेत्याचा ड्रायव्हर नको, घरचं माणूस बसवा.

काय बघायचं? भार आल्यावर इंजिनचे फेरे किती खाली येतात. बांधावर वळताना किती जागा लागते. तेल गरम झाल्यावर, म्हणजे दोन तासांनंतर, लिफ्ट जड अवजार सहज उचलते का. सकाळी थंड असताना सगळेच उचलतात. अवजार उचलल्यावर पुढची चाकं हलकी होतात का. आणि आण्णांसारख्या गुडघे दुखणाऱ्या माणसाला पायरीवरून चढता येतं का. आमच्याकडे एका गाडीचा विषय त्या पायरीवरच संपला.

पैसे

कोटेशन तुकड्यातुकड्यांत मागा: मूळ किंमत, जीएसटी, विमा, नोंदणी, छत, बंपर, हुक, टॉप लिंक (अवजाराला वरून जोडणारा दांडा) असं सामान. गोळाबेरीज आकड्यात बरंच काही लपतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ७ लाखांच्या मूळ किमतीवर कर ८४,००० चा ३५,००० झाला. ट्रॅक्टरचे टायर आणि बरेच सुटे भागही १८ वरून ५ वर आले. जुन्या हिशेबाचं कोटेशन कुणी दाखवलं तर हे लक्षात ठेवा. गाडी कोणत्या महिन्यात-वर्षात बनली तेही लिहून घ्या. पाडव्याला मिळालेली मोठी सूट कधीकधी मागच्या वर्षाच्या शिल्लक गाडीवर असते. घ्यायला हरकत नाही, पण विकताना तेच वर्ष धरलं जातं, म्हणून सूट त्या मानानं मागा.

अनुदान हवं असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणात अर्ज करा. शेतकरी ओळख क्रमांक आता लागतोच. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पूर्वसंमती पत्र हातात येण्याआधी बिल फाडायचं नाही. आधी खरेदी केली की अनुदान गेलं. मॉडेल चाचणी झालेलं आणि यादीत असलेलं हवं. आणि अनुदान येईल म्हणून त्यावर हप्त्याचा हिशेब बांधू नका. आलं तर मुद्दलात भरा.

कर्जात दोन शब्दांचा फरक समजून घ्या: फ्लॅट व्याज आणि घटत्या शिलकीवरचं व्याज. समजा ६ लाख कर्ज, पाच वर्षं, सहामाही दहा हप्ते. "९ टक्के फ्लॅट" म्हणजे पाच वर्षांचं व्याज २,७०,००० आणि हप्ता ८७,०००. तेच ९ टक्के घटत्या शिलकीवर असेल तर हप्ता साधारण ७५,८०० आणि एकूण व्याज सुमारे १,५८,०००. आकडा तोच ९, फरक एक लाखाच्या वर. फ्लॅट ९ हे घटत्या हिशेबानं पंधराच्या जवळ जातं. म्हणून "टक्के किती" यावर थांबू नका, "एकूण किती रुपये परत करायचे" हे कागदावर मागा.

हप्त्याचे महिने आपल्या पिकाप्रमाणे घ्या. आमचे जानेवारी आणि मे असे आहेत, कारण सोयाबीनचे आणि उसाच्या पहिल्या उचलीचे पैसे तोवर हातात येतात, आणि मे महिन्यात उन्हाळ कांदा. जून-जुलैत हप्ता लावून घेतला तर बियाणं, खत आणि हप्ता एकाच खिशातून जातात. काही बँका जमिनीवर बोजा चढवतात, काही ठिकाणी फक्त गाडी तारण असते. सह्या करण्याआधी घरातल्या सगळ्यांना हे माहीत हवं, आईलाही.

कागद

ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांची नोंदणी वेगवेगळी होते. तृतीय पक्ष विमा कायद्यानं लागतोच. शेतीसाठी नोंदवलेल्या ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉलीत बसलेली माणसं धरलेली नसतात. लग्नाचं वऱ्हाड, जत्रा, मजूर, सगळं आपण ट्रॉलीत नेतो. एकदा अपघात झाला की शेत विकायची वेळ येते. कर्ज फिटलं की बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन आरसी बुकावरचा बोजा उतरवून घ्या. तो आपोआप उतरत नाही.

पहिले पन्नास तास

जुन्या गाडीच्या सवयी इथे मोडाव्या लागतात. पहिले पन्नास तास मध्यम कामाला वापरा: कल्टिव्हेटर, पेरणी, हलकी ट्रॉली. सलग नांगरट नको आणि नुसतं उभं राहून तासन्‌तास चालू ठेवणंही नको. पहिली सर्व्हिसिंग बहुतेक कंपन्यांची ५० तासांच्या आसपास असते. ती चुकवली की वॉरंटीचा वाद सुरू होतो. तास मीटरवर बघा, महिन्यांवर जाऊ नका.

जुन्याच्या एअर क्लीनरला खाली तेलाची वाटी असायची. आण्णा दर आठवड्याला ती काढून चिखल झालेलं तेल फेकायचे, रॉकेलनं धुवायचे आणि नवं तेल खुणेपर्यंत भरायचे. नव्यात कोरडा कागदी फिल्टर असतो. तो धुवायचा नाही आणि टायरवर आपटायचाही नाही, आतला कागद फाटतो आणि धूळ थेट इंजिनात जाते. आमच्या आण्णांनी पहिल्याच महिन्यात तो आपटला होता. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, चूक माझी होती. रेडिएटरमध्ये कालव्याचं किंवा बोअरचं पाणी ओतू नका, कूलंटच घाला. टर्बो असेल तर बंद करण्याआधी मिनिटभर हळू चालू द्या. आणि उतारावरून ढकलून चालू करणं आता बंद.

दोन गोष्टी मात्र जुन्या-नव्यात सारख्याच जीवघेण्या आहेत. ब्रेकची दोन पेडलं शेतात वेगळी वापरतो, तशीच रस्त्यावर राहिली आणि घाईत एकच दाबलं गेलं तर ट्रॉलीसकट गाडी पलटी होते. शेताच्या बाहेर पडताना पेडलं जोडणारी खिट्टी लावायची, प्रत्येक वेळी. आणि अडकलेली ट्रॉली किंवा खोड ओढताना साखळी कायम खालच्या ड्रॉबारला बांधायची. टॉप लिंकच्या जागी बांधली तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर क्षणात मागे उलटतो, उडी मारायलाही वेळ मिळत नाही. पीटीओ शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर काढून फेकू नका. मळणीच्या वेळी बायका पदर, ओढणी, स्कार्फ बांधून जवळून ये-जा करतात.

जुन्याचं काय करायचं

एक्स्चेंजमध्ये देता येतो, पण गावात विकला तर बहुधा जास्त मिळतात. विकताना फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदलेपर्यंत गाडी हातची सोडू नका. "नंतर नावावर करून घेतो" हे चालणार नाही. नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक, अपघाताची जबाबदारीही त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. ओळखीच्या माणसाला विकत असाल तर आणखी काळजी घ्या.

ठेवायचा असेल तर त्याला ठरावीक काम द्या. पंधरा वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं, ते चुकवू नका. आमचा जुना आता फवारणीच्या टाकीला आणि मळणी यंत्राला लावतो. बॅटरी नवीन टाकली, लिफ्टचे सील बदलले, क्लच प्लेट बसवली, बाकी हात लावला नाही. काम नसेल तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवतो आणि पंधरा दिवसांतून एकदा वीस मिनिटं चालू करतो. तो आता सपाट जागेवर उभा असतो. दगड मात्र आण्णा अजून लावतात.